वाचकांचे प्रश्न : तरण्या-म्हाताऱ्याच्या पावसातली लडाखची फुले

गेल्या काही आठवड्यांत प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे कोरड्या डोंगरप्रदेशातील रानफुले पाहण्यासाठी केव्हा निघावे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्याच उत्तरात आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक असून खानापूर तालुक्यात राहतो. गणपती झाले की कासला किंवा चोर्ल्याच्या बाजूला फुले पाहायला जाण्याचा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. यंदा लडाखची रानफुले पाहावीत असे ठरवले आहे. एका सहल संस्थेने सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम असल्याचे सांगितले. गणपतीही तोवर आटोपतात, त्यामुळे ते सोयीचे वाटते. आरक्षण करण्यापूर्वी आपले मत हवे आहे. शक्य असल्यास नेमकी तारीख सांगावी. (खानापूर)

उत्तर : सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लडाख पाहण्यासाठी चांगला आहे, परंतु लडाखची फुले पाहण्यासाठी तो उशिराचा आहे, म्हणून आपण आरक्षण थांबवावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सहल संस्थेने आपल्याला खोटे सांगितलेले नाही. त्या दिवसांत आकाश स्वच्छ असते, रस्ते बहुधा सुरळीत असतात आणि गर्दी ओसरलेली असते. आपला हेतू मात्र वेगळा आहे आणि तो त्यांना कदाचित स्पष्टपणे कळला नसावा.

आपल्या भागात फुलांचे घड्याळ पाऊस चालवतो. मृगाच्या सरींनी पठारावरची माती भिजते, आर्द्रा-पुनर्वसूत कातळावरच्या खळग्यांत पाणी साचून राहते, गवत वर येते, आणि पावसाचा जोर ओसरून ऊन पडू लागले की सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी एकामागून एक फुले पठार भरून टाकतात. म्हणूनच 'गणपतीनंतर' हा आपला हिशेब इथे वर्षानुवर्षे बरोबर येतो. हा हिशेब सह्याद्रीचा आहे, आणि हिमालय ओलांडताना तो मागे ठेवून जावे लागते.

लडाख हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पलीकडे पर्जन्यछायेत आहे. लेह येथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी पडते. जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात आपल्या बेळगावातच तेवढा पाऊस होऊन जातो, यावरून त्या कोरडेपणाची कल्पना यावी. तिथल्या रानफुलांना पाणी मिळते ते मुख्यतः हिवाळ्यात साचलेल्या आणि उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे. त्यामुळे बर्फ केव्हा हटते आणि जमीन केव्हा ऊबदार होते, या दोन गोष्टींवर तिथला बहर अवलंबून असतो, आणि या दोन्ही गोष्टी उंचीप्रमाणे बदलतात. हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. परिणामी बहर खालच्या खोऱ्यांत सुरू होतो आणि आठवड्यामागून आठवडा डोंगर चढत जातो. आपण विचारलेली 'नेमकी तारीख' संपूर्ण लडाखसाठी सांगता येत नाही ती यामुळेच. अमुक तारखेला अमुक उंचीवर काय फुललेले असेल, एवढे मात्र बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

हे चढणे किती वेगाने होते याचा एक जुना ठोकताळा आहे. ए. डी. हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये असा नियम मांडला की, वसंतातील घटना दर ४०० फूट उंचीमागे सुमारे चार दिवस पुढे जातात. तो उत्तर अमेरिकेतील निरीक्षणांवरून काढलेला आहे, त्यामुळे लडाखला तो जसाच्या तसा लावू नये, पण अंदाज बांधण्यासाठी त्याचा उपयोग होतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आणि मनाली-लेह मार्गावरील बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटरवर आहे. मधले अंतर साधारण साडेचार हजार फुटांचे, म्हणजे या हिशेबाने खिंडीचा बहर लेहच्या मागे सुमारे ४५ दिवस असायला हवा. लेहच्या परिसरात जूनमध्ये रानगुलाब ऐन भरात असतो आणि खिंडींजवळची ठेंगणी फुले जुलैच्या उत्तरार्धात रंगात येतात, हे पाहता अंदाज फारसा चुकत नाही.

आता आपल्या नक्षत्रांच्या भाषेत सांगतो, म्हणजे लक्षात राहील. इकडे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा लेह, नुब्रा आणि सिंधू नदीच्या काठच्या गावांत गुलाबी रानगुलाबाची झुडपे फुलू लागलेली असतात. स्थानिक लोक त्याला 'सिया' म्हणतात, आणि सियाचेन या नावाचा अर्थही 'गुलाबांची रेलचेल असलेली जागा' असाच सांगितला जातो. आर्द्रेत हा बहर वरच्या गावांकडे सरकतो. मग तरण्याचा आणि म्हाताऱ्याचा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य ही दोन नक्षत्रे, साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत. आपल्याकडे याच दिवसांत रोपलावणीची घाई असते, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि अशा वेळी सहलीला निघण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. लडाखच्या चार हजार मीटरवरच्या कुरणांचा आणि ओढ्यांच्या काठांचा ऐन हंगाम मात्र हाच असतो. आश्लेषा संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, खिंडींच्या आसपास फुले चांगली राहतात. मघा लागली की ओघ उतरतो, आणि पूर्वा-उत्तरेत काही उशिरा फुलणाऱ्या जाती सोडल्या तर बहुतेक झाडे बियांवर आलेली असतात.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः आपल्यासारखाच विचार करून गणपतीनंतर लडाखला गेलो होतो. नुब्रात सीबकथॉर्नच्या काटेरी झुडपांना नारिंगी फळे लगडली होती, रानगुलाबावर फुलांच्या जागी लाल बोंडे होती, ओढ्याकाठच्या गवतात सुकलेले दांडे उभे होते. प्रदेश सुंदर होता, पण ज्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते ते सहा आठवड्यांपूर्वी होऊन गेले होते. त्या प्रवासाची हळहळ अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हे इतके तपशिलाने लिहीत आहे.

आपल्याला माझा सल्ला असा की, ८ जुलैच्या सुमारास लेहला पोहोचावे आणि किमान बारा दिवस हाती ठेवावेत. या काळात खालच्या खोऱ्यांतील रानगुलाब ओसरलेला असला, तरी वरच्या गावांत तो सापडतो आणि उंचावरचा बहर सुरू झालेला असतो. आपल्याला खिंडींजवळचीच फुले अधिक पाहायची असतील, तर हीच योजना आठ-दहा दिवस पुढे ढकलावी. हिवाळ्यात बर्फ फार पडले असेल आणि वसंत थंड गेला असेल तर सारे काही आठवडाभर मागे पडते. बर्फ कमी पडले असेल तर बहर लवकर येतो आणि लवकर सुकतो, अशा वर्षी थोड्या अधिक उंचीवर मुक्काम ठेवावा. हे आधी कळण्यासाठी एक साधा उपाय आहे : ज्या घरगुती निवासात उतरणार असाल, त्या यजमानांना जूनमध्ये दूरध्वनी करून 'आपल्या गावात सिया फुलला का' एवढेच विचारावे. गावाची उंची आणि त्यांचे उत्तर या दोन गोष्टींवरून पुढचा अंदाज आपल्याला स्वतःच बांधता येईल.

तिथे काय दिसेल, याविषयीही मनाची तयारी हवी. कासप्रमाणे नजर पोहोचेल तिथवर पसरलेला फुलांचा गालिचा कोरड्या डोंगरात शोधू नये. डोंगराचा मोठा भाग उघडा, दगडगोट्यांचा आणि फिकट रंगाचा असतो, आणि जिथे पाणी आहे तिथेच जीवन एकवटलेले असते. वितळणाऱ्या बर्फाच्या खालच्या कडेची ओली पट्टी, झऱ्यांभोवतीची हिरवळ, ओढ्यांचे काठ आणि जव-वाटाण्याच्या शेतांना पाणी नेणाऱ्या पाटांच्या कडा, या चार ठिकाणी थांबून पाहावे. ओलसर जागी गुलाबी प्रिम्युला आणि पेडिक्युलॅरिसच्या जाती, खडकांच्या सावलीत काटेरी देठांची निळी हिमालयीन अफू, दगडी उतारांवर पिवळी कॅरागाना, आणि अगदी उंचावर जमिनीला चिकटून उशीसारखी वाढणारी झाडे दिसतात. थंड वाऱ्यापासून बचाव व्हावा आणि ऊब धरून राहावी म्हणून त्यांनी तो आकार घेतलेला असतो. अशी फुले चालत्या गाडीतून दिसत नाहीत. दिवसाला दोनशे किलोमीटरचा प्रवास ठरवणारी सहल फुलांसाठी निरुपयोगी आहे, हे मी स्पष्ट सांगतो.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ लवकर वितळते, उत्तरेकडच्या उतारावर ते रेंगाळते. त्यामुळे एकाच खिंडीच्या दोन बाजूंना बहराच्या दोन वेगवेगळ्या अवस्था आढळतात, आणि एका बाजूला उशीर झालेल्या प्रवाशाला दुसरी बाजू हात देते. फुलांच्या दृष्टीने कारगिलच्या दक्षिणेची सुरू नदीची दरी मला सर्वांत समृद्ध वाटते. तिथे बर्फ अधिक पडते, म्हणून ती लेहच्या परिसरापेक्षा कितीतरी हिरवी असते. खालच्या, उष्ण आणि अतिशय कोरड्या भागांत याच दिवसांत रानकेपर फुलतो. तिकडे त्याला काबरा म्हणतात. लांब पुंकेसरांचे त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापले की मलूल होते, त्यामुळे ते सकाळी लवकरच पाहावे.

आपले वय लक्षात घेता प्रकृतीचा विचार आधी करावा. बेळगाव-खानापूर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्याही खाली आहे, आणि दिल्लीहून विमानाने निघालेला माणूस दीड तासात साडेतीन हजार मीटरवर उतरतो. लेहमध्ये पहिले दोन पूर्ण दिवस विश्रांतीचे ठेवावेत, त्यानंतरही रात्रीचा मुक्काम एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, उंचीच्या त्रासावरील गोळ्याही त्यांना विचारूनच घ्याव्यात. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, तर वर जाण्याचा हट्ट सोडून खाली उतरावे. सुदैवाने फुलांची वाटही खालून वर जाणारीच आहे, त्यामुळे शरीराला मानवेल अशा क्रमाने प्रवास केला तर काहीही पाहायचे राहून जात नाही.

प्रश्न : आमची मुले शाळेत आहेत. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस सुरू होतात, त्यामुळे जुलैत जाणे शक्य नाही. एप्रिल-मेच्या सुट्टीत लडाखला काहीच फुले नसतात का? (निपाणी)

उत्तर : रानफुलांसाठी हा काळ लवकरचा आहे, परंतु आपली सुट्टी ज्या दिवसांत सुरू होते त्याच दिवसांत तिथे जर्दाळूची झाडे फुलतात. सिंधूकाठच्या दाह, हानू या खालच्या गावांत आणि नुब्रातील तुर्तुकच्या बाजूला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, तर लेहच्या आसपास त्यानंतर थोड्याच दिवसांत पांढरा-गुलाबी मोहर येतो. ही लागवडीची झाडे आहेत, रानातली नव्हेत, आणि एका गावातील मोहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. इथेही नियम तोच : मोहर खालच्या गावाकडून वरच्या गावाकडे जातो. म्हणून आपण सुट्टी लागताच निघावे, आणि एका उंचीवर मोहर गळलेला दिसला तर वरच्या गावाकडे वळावे.

मेच्या मध्यात गेलात, तर जर्दाळू संपलेला आणि रानगुलाब सुरू न झालेला, अशा मधल्या रिकाम्या दिवसांत सापडाल. मेच्या अगदी शेवटी ओलसर कुरणांत आणि शेतांच्या बांधांवर जांभळट निळे आयरिस उमलू लागते, पण तेव्हा आपल्याला परतीची घाई असेल. दोन्हींत निवड करायची झाल्यास मी एप्रिल निवडीन. एप्रिलमध्ये रात्री कडाक्याची थंडी असते, तेवढे कपडे मुलांसाठी न्यावेत.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडची फुलांची दरी आणि लाहौल-स्पिती किंवा लडाख एकाच प्रवासात करावे, असे आमच्या नातेवाइकांचे म्हणणे आहे. पावसाची भीती वाटते. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : दोन्हींचा हंगाम जवळजवळ एकच आहे, म्हणून ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. फुलांची दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते आणि तिचा ऐन बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. ती दरी मात्र मोसमी पावसाने भिजणारी आहे. एका प्रवासात दोन्ही बसवल्यास बराच वेळ दरडींच्या रस्त्यांवर आणि वाट पाहण्यात जाईल. दोन वर्षांत दोन प्रवास करावेत, हेच बरे.

पावसाची भीती निराधार नाही. लाहौल, स्पिती आणि लडाख स्वतः कोरडे असले, तरी तिथे जाणारे रस्ते ओल्या डोंगरांतून जातात. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनालीच्या खोऱ्यात महापुराने रस्ते आणि पूल वाहून गेले. कोरड्या प्रदेशालाही पूर्ण अभय नसते : ऑगस्ट २०१० मध्ये लेहजवळ अल्पावधीत कोसळलेल्या पावसाने आणि चिखलाच्या लोंढ्याने मोठी प्राणहानी झाली, कारण झाडोरा नसलेला उघडा डोंगर पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून ओढ्याच्या पात्रात किंवा त्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये, आकाश भरून आले तर त्या दिवशी खिंड ओलांडू नये, आणि परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची खिंड न चढता मनालीहून लाहौलला जाता येते, पण बोगद्यापर्यंतचा रस्ता त्याच खोऱ्यातून जातो. गोवा एक्स्प्रेसने बेळगावहून दिल्लीपर्यंत जाऊन पुढे लेहचे विमान धरणे, हा जुलैसाठी मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो.

स्पितीलाच जायचे असेल तर कुंझुम खिंड जूनच्या मध्यापर्यंत बंद राहू शकते हे ध्यानात ठेवावे. चंद्रताल सरोवराभोवतीची कुरणे जुलैच्या मध्यानंतर फुलतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय झाले आहे. तिला फुलांची फार आवड आहे, पण हिमालयात नेणे शक्य नाही, आणि गुडघ्यांमुळे कासच्या चिखलातही ती चालू शकत नाही. आमच्याकडचे डोंगर कोरडे आहेत. इथे पाहण्यासारखे काही आहे का? (सौंदत्ती)

उत्तर : आहे, आणि आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांकडे फुलांसाठी जायचे आम्हा पश्चिमेकडच्या लोकांना सहसा सुचत नाही. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या भागातील वालुकाश्माचे डोंगर पर्जन्यछायेत आहेत, आणि त्यांचेही स्वतःचे घड्याळ आहे. खानापूरच्या रानात जुलैत पावसाचा कळस होतो, तर आपल्याकडे पावसाचा मुख्य जोर बहुधा सप्टेंबरात असतो. त्यामुळे आपला हंगाम हस्त नक्षत्रापासून, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू होतो असे मानावे. हस्ताच्या चांगल्या पावसानंतर दहा-बारा दिवस थांबून आईंना घेऊन निघावे.

माळावर आणि रस्त्याच्या कडेने कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरवडाची पिवळी फुले, आणि जमिनीलगत विष्णुक्रांतेची नखाएवढी निळी फुले दिसतील. विष्णुक्रांता सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, त्यामुळे घरून पहाटे निघावे. ऑक्टोबर पुढे सरकला की कोरांटीच्या जाती फुलू लागतात. यांतील बहुतेक सारे गाडी उभी करून, वीस-तीस पावले चालून पाहता येते. यल्लम्माच्या डोंगराकडे जाणार असाल, तर नवरात्र आणि पौर्णिमेचा दिवस टाळावा, कारण त्या गर्दीत गाडी थांबवायलाही जागा मिळत नाही.

या डोंगरांचा दुसरा बहर पावसाचा मुळीच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळून गेलेल्या रानात पळस पेटतो, आणि एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी झाकून जातो. ही झाडे खोलवरच्या ओलीवर जगतात, म्हणून भोवतीची माती भेगाळलेली असतानाही ती फुलतात. आईंसाठी हा काळ अधिक सोयीचा आहे : वाट कोरडी असते, फुले डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून वर असतात, आणि त्यांना खाली वाकावे लागत नाही. पळसासाठी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातली एखादी सकाळ ठरवावी, आणि ऊन चढण्यापूर्वी परत यावे.